एक रेघ की दोन? गर्भचाचणीची पट्टी अशी वाचा



बियाणे उगवेल की नाही याची शंका आली तर आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने मोजतो. दुसऱ्याच दिवशी गोणपाट उलगडून "एकही कोंब नाही" म्हणून बियाणे फेकून देणारा शेतकरी शहाणा म्हणायचा का? आज ज्या तपासणीविषयी लिहितो आहे, तिच्याबाबतीत मात्र पुष्कळ घरांत हीच घाई होते. ही तपासणी म्हणजे लघवीवरून दिवस गेले आहेत का हे पाहण्याची पट्टी.

औषधोपचार सांगणे हे शेतीखात्याच्या माणसाचे काम नव्हे. पण घरातल्या बाईला दिवस गेले आहेत हे वेळेवर कळले नाही, तर तिच्या कामाची, आहाराची आणि औषधाची सगळी गणिते चुकतात. इकडे चिखले-घोलवडच्या किनाऱ्याला भाताची आवणी आणि चिकूच्या वाडीतली कामे, तिकडे तलासरीच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याची निघानिघ. या धांदलीत पहिले तीन महिने नोंदीवाचून निघून जातात, आणि बाळाचे मुख्य अवयव नेमके याच तीन महिन्यांत घडत असतात.

पट्टी काय पाहते ते आधी समजून घ्या. गर्भ राहिल्यावर साधारण सहा ते बारा दिवसांत तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. रुजल्यावरच 'एचसीजी' नावाचे एक द्रव्य तयार होऊ लागते. ते रक्तातून लघवीत उतरते आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी जवळजवळ दुप्पट होते. पट्टी एवढेच द्रव्य ओळखते. म्हणून पाळीची तारीख उलटण्यापूर्वी केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवू नये. ज्यांची पाळी अनियमित आहे, किंवा ज्या अंगावर पाजतात आणि पाळी अजून सुरू झाली नाही, त्यांनी संबंध आल्यापासून तीन आठवड्यांनी तपासावे.

ही तपासणी फुकट होते. गावच्या आशाताईंकडे 'निश्चय' नावाची सरकारी पेटी असते. औषधाच्या दुकानातही अशा पेट्या विकत मिळतात. घेताना मुदतीची तारीख पाहा, जशी बियाण्याच्या पिशवीवर पाहता तशी. आपल्या किनाऱ्याची हवा दमट, म्हणून पाकीट वापरण्याच्या क्षणीच फोडावे. ते चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये.

आता कृती. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात धरा. भांड्याला साबण लागलेला नसावा. पट्टी सपाट जागी ठेवा. तिच्यावर इंग्रजी अक्षरे असतात. ती वाचता येत नसतील तर अशी ओळखा: नागमोडी अक्षर 'एस', तेथे लघवी टाकायचा खड्डा असतो. उजवीकडे तोंड उघडे असलेल्या विळ्यासारखे अक्षर 'सी', आणि कुदळीसारखे अक्षर 'टी'. पेटीतील नळीने खड्ड्यात सांगितलेले थेंब, बहुधा दोन-तीन, टाका आणि घड्याळ लावून पाच मिनिटे थांबा. पेटीवरच्या सूचना वेगळ्या असतील तर त्या पाळा.

निकाल असा वाचा. विळ्यापाशी आणि कुदळीपाशी अशा दोन रेघा उमटल्या तर दिवस गेले आहेत. कुदळीजवळची रेघ फिकट असली तरी ती रेघच. मनात शंका असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा. नुसती विळ्यापाशी रेघ आली तर आज तरी पट्टीला काही सापडले नाही. विळ्यापाशी रेघच आली नाही तर पट्टी बिघडलेली, दुसरी घ्या. अर्ध्या तासाने किंवा दुसऱ्या दिवशी केरातून काढून पाहिलेल्या पट्टीवरची रेघ धरू नये. लघवी सुकल्यावरही कधी कधी डाग दिसतो.

"आज तरी" हे दोन शब्द ध्यानात ठेवा. एकच रेघ आली आणि पाळी आली नाही, तर तीन दिवसांपासून आठवड्याच्या आत पुन्हा तपासा. तरीही पाळी नाही, तर डॉक्टरांना दाखवा. उलट, नुकतेच बाळंतपण किंवा गर्भपात झालेल्या बाईच्या लघवीत हे द्रव्य काही आठवडे राहू शकते, तेव्हा दोन रेघा फसवू शकतात. तापाच्या साध्या गोळ्यांनी किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी मात्र निकाल बदलत नाही.

पट्टी काय सांगत नाही, तेही महत्त्वाचे. गर्भ कोठे रुजला आहे हे तिला कळत नाही. कधी तो गर्भाशयाऐवजी नळीत रुजतो. पट्टीवर तेव्हाही दोन रेघा येतात आणि घरात आनंद होतो. पण पोटात खाली, बहुधा एका बाजूला, कळ येऊ लागली, अंगावरून रक्त गेले, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, तर उद्यावर टाकू नका. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन बाई दगावते. तात्काळ १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय गाठा.

मुलगा की मुलगी, हेही पट्टी सांगत नाही. इजिप्तमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बाईची लघवी जव आणि गव्हावर टाकीत. जव उगवला तर मुलगा, गहू उगवला तर मुलगी, काहीच न उगवले तर दिवस नाहीत, असा समज होता. १९६३ साली हा प्रयोग करून पाहिला तेव्हा गर्भवतीच्या लघवीने पुष्कळदा दाणे उगवले, पण मुलगा-मुलगीचे भाकीत काही खरे ठरले नाही. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग तपासणे आणि करून घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. लघवीत साखर, मीठ किंवा दंतमंजन घालून पाहण्याच्या युक्त्याही विश्वासाच्या नाहीत.

एक प्रश्न गोठ्यातून हमखास येतो, तो इथेच संपवू. ही पट्टी गाई-म्हशीला चालत नाही. त्यांच्या शरीरात हे द्रव्य तयारच होत नाही. रेतन केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी करून घ्या.

दोन रेघा आल्या की त्याच आठवड्यात आशाताई किंवा परिचारिकेकडे नोंद करा. बारा आठवड्यांच्या आत नाव लागले पाहिजे. फॉलिक ॲसिडची गोळी सुरू होते, रक्त, रक्तदाब आणि सिकलसेलची तपासणी होते, माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. वीटभट्टीवर जाणार असाल तर हे कार्ड भाकरीच्या गाठोड्याबरोबर घ्या. तेथल्या दवाखान्यात तेच तुमची ओळख. बाळंतपणाची तारीख काढायची तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्चच्या सुमारास येते.

आता पुरुषांसाठी. त्या दिवसापासून फवारणीचे औषध कालवणे, पंप धुणे आणि फवारणीचे कपडे धुणे ही कामे तिच्याकडे देऊ नका. जड पाट्या उचलायला लावू नका. आणि निकाल आधी तिचा आहे, हे विसरू नका. मूल नको असेल तर दुकानातून गोळ्या आणून घरी प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. कायद्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, मान्य केंद्रात आणि कायद्यातील कारणांसाठी गर्भपात होतो. बाई सज्ञान असेल तर त्यासाठी तिची एकटीची संमती पुरते.

आशाताई पुढच्या खेपेला दारावरून गेल्या, तर त्यांना पाणी विचारा आणि एक पेटी मागून ठेवा. मागण्यात लाज कसली? आपण बियाणे तपासतो, माती तपासतो, मग घरातल्या लक्ष्मीच्या पाच मिनिटांच्या तपासणीला संकोच नको.