आरएक्स-१०० घ्यायची म्हणताय?

कल्याण-शीळ रस्त्यावर मागून तो कडक टू-स्ट्रोक आवाज आला की पन्नाशीचे काका आणि कॉलेजचा पोरगा, दोघंही मान वळवतात. यामाहाची आरएक्स-१००! १९८५ला आली, १९९६ला बंद झाली, आणि आज धडधाकट गाडीला लाखाच्या वर भाव सांगतात. त्यात भर घातली की नवीकोरी दणकट गाडी येते. मग घ्यायची कुठली?

वेगाचा हिशोब आधी उरकू. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. समोर नव्या गाड्यांतली, चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक: २०१३ साली आली तेव्हाच ३७३ सीसीची, ४३ अश्वशक्तीची होती. कागदावर लढतच नाही. पण संध्याकाळी सातला मानपाडा रोडवर ४३ घोडे करणार काय? तिथे हलकी आरएक्सच मजा देते. ब्रेकचं मात्र तसं नाही. आरएक्सला पुढेमागे ड्रम. भर पावसात गायमुखच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला की डिस्क आणि एबीएसची किंमत कळते. रोज कामाला जायचं असेल तर नवीच घ्या.

हौसेला घेणार असाल तर चकचकीत रंगाला भुलू नका. भाव नंबरांना असतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर टॉर्च मारून स्वतः वाचा, आरसी बुकाशी ताडा. घासून पुन्हा ठोकलेला आकडा बोट फिरवलं की जाणवतो. आरएक्स-१३५चं इंजिन बसवून ‘१००’ म्हणून खपवणारेही आहेत. मूळ सिलिंडर ५० मिलिमीटरचा. बोअर कितव्यांदा मारलीय ते विचारा. ऑइल पंप जागेवर आहे का बघा, कारण अनेक जण तो काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात.

‘विंटेज आहे, पैसे दुप्पट होतील’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. केंद्राच्या २०२१च्या नियमांत विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी. पहिल्या वर्षाची आरएक्सही २०३५च्या आधी त्यात बसत नाही, आणि त्या नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही ते वेगळंच. तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट, हे सगळं तुमच्या खिशातून. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावाचा घोळ मिटू दे. ‘ट्रान्सफर नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला टोकनसुद्धा देऊ नका.

आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडिलांचीच आरएक्स धूळ खात पडली असेल, तर ती भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये घालू नका. रंगही मारू नका. जुनी टाकी, जुना कार्ब्युरेटर, पिवळं पडलेलं आरसी बुक, सगळं एकत्र ठेवा आणि आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवा.