‘जरा अ‍ॅडजस्ट करा!’

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या माणसाला इंग्रजी येवो न येवो, एक इंग्रजी शब्द त्याला यावाच लागतो. तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅडजस्ट’. सकाळच्या लोकलमध्ये तीन जणींच्या बाकापाशी चौथी येऊन उभी राहते आणि म्हणते, ‘जरा अ‍ॅडजस्ट करा.’ तिघी वीतभर सरकतात. चौथी अर्धी बाकावर व अर्धी वाटेत अशी टेकते. या ‘चौथ्या सीट’ला कोणत्याही नियमाचा आधार नाही, तरी ती नाकारण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही. परक्या माणसासाठी सरकण्याची ही रीत मला आपल्या भागाचे भूषण वाटते. म्हणूनच या शब्दाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी तक्रार नाही. टेबल, तिकीट आणि स्टेशन ज्या भाषेने पचवले, तिला ‘अ‍ॅडजस्ट’ जड जाण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो अर्थाचा.

शब्दकोश उघडला तर दिसते की, इंग्रजीत बहुधा वस्तू ‘अ‍ॅडजस्ट’ करतात. घड्याळाचे काटे, दुर्बिणीची भिंगे, जमाखर्चाचे आकडे. विम्याच्या दाव्यात नुकसानभरपाई ठरवणे यालाही हाच शब्द आहे. नव्या परिस्थितीशी माणूस जुळवून घेतो, त्यालाही तो लागतो. आपण मात्र ‘काय अ‍ॅडजस्ट करायचे’ हे सांगतच नाही. नुसते ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतो. कारण जी वस्तू हलवायची, ती समोरचा माणूस स्वतःच असतो!

या शब्दाचे कुळही पाहण्यासारखे आहे. लॅटिनमधल्या ‘जवळ’ या अर्थाच्या ‘युक्स्ता’ या शब्दापासून तो निघाला. म्हणजे मूळ अर्थ ‘जवळ आणणे’. पुढे लोकांनी त्याचा संबंध न्याय्य, योग्य या अर्थाच्या ‘जस्ट’शी जोडला आणि ‘योग्य तसे करणे’ ही छटा त्यात मिसळली. जवळ आणणे आणि न्याय्य करणे, असे दोन अर्थ एका शब्दात नांदतात. आपल्या लोकलमध्ये पहिला अर्थ अगदी काठोकाठ भरलेला असतो. दुसऱ्याचे काय?

आता मराठी प्रतिशब्द पाहू. सरकून घेणे, जुळवून घेणे, मिळते घेणे, पडते घेणे, नमते घेणे, सांभाळून घेणे, तडजोड करणे, मनाला मुरड घालणे. सरकारी कागदावर हाच शब्द ‘समायोजन’ होऊन येतो. हे सगळे एकमेकांच्या जागी चालतील असे वरवर वाटते. पण चालत नाहीत. तडजोडीला दोन पक्ष लागतात. दोघेही काही सोडतात. नमते घेणारा एकटाच वाकतो. मुरड तर मनाला घालायची, म्हणजे बाहेर कुणाला दिसतही नाही. लग्नात मुलीची आई व्याह्यांना म्हणते, ‘पोरीला सांभाळून घ्या.’ ही विनंती बलवानाला आहे. तीच आई मुलीच्या कानात सांगते, ‘जुळवून घे हो.’ ही दुबळ्याला शिकवण आहे. कोण कोणासाठी झुकणार, हे मराठी शब्द उघड सांगतात. ‘अ‍ॅडजस्ट’ मात्र ते झाकतो. मालकाने नोकराला सांगितले काय आणि नोकराने मालकाला विनवले काय, शब्द एकच. माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य यातच आहे.

आणखी एक गंमत. यांतल्या बहुतेकांच्या शेवटी ‘घेणे’ आहे. ‘सरकून घ्या’ म्हणताना आपण प्रत्यक्षात जागा मागत असतो. पण देणाऱ्यालाच ‘घ्या’ म्हणतो! जो देतो त्याला वाटावे की आपण काही घेतले. भाषेचा हा शहाणपणा की चतुराई, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे मी लोकलमध्ये शिकले नाही, घरी शिकले. आमच्या घरी कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी थोरली बहीण दहावीला माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी पास झाली होती. त्या वर्षी घरात पैशांची ओढ होती. तिला सांगण्यात आले, ‘एक वर्ष जरा अ‍ॅडजस्ट कर.’ ते वर्ष अजून संपलेले नाही. ती कामाला जाते आणि माझी फी भरते. ‘शिक्षण सोड’ असे तिला कोणी म्हटले असते, तर ती रडली असती, भांडलीही असती. ‘अ‍ॅडजस्ट कर’ या शब्दाशी कोण भांडणार? आईवडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी स्वतः आयुष्यभर तेच केले. पण त्या बाकावर मी ऐसपैस बसले आहे आणि चौथी सीट ताईची आहे, हे मला विसरता येत नाही.

घरात जे घडते तेच बाहेर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते. आजच्या गर्दीला रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसे! ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गाडीच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले. दारात लटकणे हेही आपण ‘अ‍ॅडजस्ट करणे’च समजत होतो. बाकावरच्या तिघी चौथीसाठी सरकतात, ती माणुसकी. पण गाड्या अपुऱ्या आहेत म्हणून माणसांनी दाराबाहेर सरकावे, याला माणुसकी कसे म्हणावे? आपल्या सोशिकपणाचे जितके कौतुक होते, तितका तो गृहीत धरला जातो.

कोणी म्हणेल, ‘अ‍ॅडजस्ट’ केल्यावाचून संसार चालेल का? मुळीच नाही. एका खोलीत सहा माणसे राहतात, एका नळावर दहा घरे पाणी भरतात, ती या गुणावरच. तो गुण टाकावा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की, हा शब्द स्वतःसाठी वापरावा, दुसऱ्यासाठी जपून. ‘मी अ‍ॅडजस्ट करते’ यात मोठेपणा आहे. ‘तू अ‍ॅडजस्ट कर’ म्हणताना आपण स्वतः किती सरकलो, हे आधी पाहावे. आणि चौथ्या सीटवर रोज तेच माणूस बसत असेल, तर कधीतरी उठून त्याला आतली जागा द्यावी.

ताईने यंदा बाहेरून बारावीला बसावे म्हणून मी फॉर्म आणला आहे. संध्याकाळचा स्वयंपाक आता माझ्याकडे. ती म्हणाली, ‘तुझा अभ्यास?’ मी म्हटले, ‘करीन जरा अ‍ॅडजस्ट.’