खादीला नियम, मग मासळीला का नाही?



सरकारी कचेरीत खादी येते ती टेंडरच्या चढाओढीतून येत नाही. केंद्र सरकारच्या खरेदीच्या नियमांत साफ लिहिले आहे, की खात्यांना लागणारी खादी ही खादी आयोगाकडूनच घ्यायची, आणि हातमागाचे कापड आयोगाकडून किंवा ठरवून दिलेल्या हातमाग संस्थांकडून घ्यायचे. असे का? तर बाजारात मोकळा सोडला तर हातमागवाला आमच्या साच्यापुढे टिकणार नाही, म्हणून. आम्ही गिरणीवाले असूनही सांगतो, नियम रास्त आहे. गरिबाच्या मालाला सरकार हे पहिले गिऱ्हाईक असले पाहिजे.

मग आमचा सवाल एवढाच आहे, हाच न्याय कोळणीच्या पाटीला का नाही?

ही मुंबई कोळीवाड्यांची. त्यांच्यामागून आम्ही आलो, कोकणातून आणि घाटावरून. गिरणगावात खानावळवाल्या बायांनी आमची पोटे भरली, आणि त्या ताटात सुकट आणि सुका बोंबील होता म्हणून पगाराच्या आधीचे आठ दिवस निभावले. तेव्हा मासळीचा प्रश्न हा एकट्या कोळ्यांचा प्रश्न नाही, तो आमच्या ताटाचा प्रश्न आहे.

मासळीचा धंदा कसा चालतो ते बघा. कापूस महिनाभर गोदामात राहील. ताजा बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, तो सकाळी आला तर संध्याकाळपर्यंत विकलाच पाहिजे. डिझेल उधारीचे, बर्फ उधारीचा. ज्या व्यापाऱ्याने आगाऊ पैसे दिले, त्याच्याच पदरात धक्क्यावर माल पडतो. जून आणि जुलै दोन महिने बंदी, तेव्हा पुन्हा कर्ज. अर्नाळा, उत्तन, वर्सोव्याला बाया बोंबील वलांडीवर सुकवतात. ढग आला की जीव टांगणीला.

राज्य सरकारने २०२५ च्या एप्रिलात मच्छीमारीला शेतीचा दर्जा दिला. चांगले केले. त्याआधी २०२३ साली पापलेट हा राज्यमासा ठरला. मानही मिळाला. पण कापसाला हमीभाव आहे, मासळीला नाही. याच महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी चालली. तिच्यात गफलती झाल्या, तोटाही झाला, तरी सरकार मनात आणील तर उत्पादकाच्या दारात जाऊन माल उचलू शकते, हे सगळ्यांनी बघितले.

आता जाहिरातीकडे वळू. परदेशात मासळी खपावी म्हणून केंद्राने १९७२ च्या कायद्याने सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण काढले. त्याचे मुख्य ठाणे कोचीला. काम मोठे झाले, नाकारत नाही. २०२४-२५ साली देशाची मासळी निर्यात सुमारे ६२,४०० कोटी रुपयांची झाली. त्यातले ४३,३०० कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे, आणि सगळ्यात मोठे गिऱ्हाईक अमेरिका. म्हणजे शंभरातले सत्तर रुपये एकाच जिनसावर! मग २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के जकात बसवली. त्या एका फटक्यात कोळंबीवाला हादरला आणि तयार कपड्याचा कामगारही हादरला. परक्या गिऱ्हाइकावर सगळा संसार टाकला की असे होते.

आणि ती अमेरिका स्वतः काय करते? १९५४ साली तिने कायदा केला, की मासळीच्या आयातीवर येणाऱ्या जकातीतला ३० टक्के हिस्सा आपल्याच मच्छीमारीच्या संशोधनाला आणि खपाला लावायचा. तिचे शेती खाते अलास्काची मासळी विकत घेऊन शाळांना आणि गरिबांच्या अन्नकेंद्रांना देते. शाळेच्या जेवणातली मासळी आपल्या समुद्रातली किंवा आपल्याच बोटींनी धरलेली हवी, असा नियम तिने २०१८ साली कायद्यात घातला. आम्हाला खुला बाजार शिकवणारे घरात असे वागतात!

आपल्याकडे मत्स्यसंपदा योजना २०२० साली २०,०५० कोटींची निघाली. तिच्यात शीतगृहे आहेत, बाजार आहेत, विक्रीची केंद्रे आहेत. पण दुकान बांधून दिले म्हणजे गिऱ्हाईक दिले असे होत नाही. सगळ्यात मोठे कायमचे गिऱ्हाईक सरकारच्याच घरात आहे. वसतिगृहे, आश्रमशाळा, इस्पितळे, तुरुंग, पोलिसांच्या खानावळी. तिथला पुरवठा टेंडरने जातो. टेंडर भरायचे तर अनामत हवी, मागल्या वर्षांची उलाढाल हवी, अनुभवाचा दाखला हवा, कॉम्प्युटरवर कागद चढवायला माणूस हवा. कोळणीच्या तीन पिढ्यांच्या अनुभवाला दाखला कोण देणार? मग मोठा कंत्राटदार मधे बसतो, आणि बिल थकले तरी कळ काढणारा तोच एक असतो.

कोणी म्हणेल, मासळी सगळ्यांना चालत नाही. ज्याला नको त्याला वाढू नका. जिथे मांसाहार शिजतो तिथलेच आम्ही बोलतो. कोणी म्हणेल, माल नासेल. मग सुक्या बोंबलापासून सुरुवात करा, त्याला बर्फ लागत नाही. कोणी म्हणेल, सरकारी खरेदीत खाबूगिरी होईल. होईल, जर भाव बंद खोलीत ठरला तर. म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. खादीप्रमाणे सरकारी भोजनगृहांतल्या मासळीचा ठरावीक हिस्सा मच्छीमार सहकारी संस्था आणि कोळी महिलांच्या संस्थांसाठी राखून ठेवा.
२. या संस्थांना अनामत आणि उलाढालीची अट माफ करा. बिल पंधरा दिवसांत द्या.
३. खरेदीची जाहिरात, अर्ज आणि भाव मराठीतून धक्क्यावर लावा.
४. कोळंबीच्या निर्यातीसाठी जसा प्रचार होतो, तसा बोंबील, बांगडा, मांदेली यांचा प्रचार इथल्या बाजारात करा.

१ मे १९६० ला मराठी राज्य झाले ते नकाशावर रेघ मारण्यासाठी नव्हे. त्यासाठी हुतात्म्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. राज्य मराठी, मंत्री मराठी, आणि कोळणीने वाचायचा नियम मात्र तिला न कळणाऱ्या भाषेत, हे चालायचे नाही.

गिरणी चालू असो की बंद, बाजारात जाताना कोळणीला घासाघीस करताना आधी हे आठवा. आणि मोर्चा निघेल तेव्हा तिच्या पाटीशेजारी उभे राहा. तिने आपल्याला जेवू घातले आहे.

जय महाराष्ट्र!