बारभाईंचें रान

‘बारभाईंची शेती, काय लागेल हातीं’ ही म्हण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास समजावून सांगावी लागत नाहीं. जें सर्वांचें, त्याची काळजी कोणीच वाहत नाहीं, हा अनुभव घरोघरचा आहे. तथापि शेंकडों घरांच्या समाईक मालकीचें रान त्याच घरांतील माणसांनीं, एक पैही न घेतां, वर्षानुवर्षें राखावें, असेंही जगांत घडतें. आणि तें कसें घडतें हें पाहण्याजोगें असल्यामुळें या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हें रान अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांतील गांवोगांवचें आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें बॉस्टनच्या आसपास स्थायिक झालीं आहेत, त्यांनीं तेथील मुक्कामांत संध्याकाळीं फिरावयास जातांना तें पाहिलेंही असेल.

या राज्यांतील काँकर्ड गांवचा ग्रंथकार हेन्री डेव्हिड थोरो यानें १८५९ सालीं आपल्या रोजनिशींत अशी इच्छा लिहून ठेविली होती कीं, प्रत्येक गांवानें पांचशें-हजार एकरांचें रान सर्वांच्या मालकीचें म्हणून कायमचें राखावें. तिला कायद्याचें बळ मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १९५७ सालच्या कायद्यानें प्रत्येक गांवास तीन ते सात सभासदांचें संरक्षण-मंडळ नेमण्याचा अधिकार मिळाला. आज राज्यांतील सर्व ३५१ गांवां-शहरांत अशीं मंडळें आहेत. १९७२ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, एकदां राखून ठेविलेली जमीन दुसऱ्या कामाकडे वळवावयाची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतें पडलीं पाहिजेत. पुढें २००० सालच्या कायद्यानें, गांवकऱ्यांनीं मतदानानें मान्यता दिल्यास घरपट्टीवर शेंकडा तीनपर्यंत जादा आकार बसवून त्यांतून जमीन खरेदी करण्याचीही सोय झाली.

इतकी तरतूद झाल्यावर रान सुरक्षित झालें, असें कोणासही वाटेल. परंतु जमीन विकत घ्यावयाची ती एकदांच; राखावी मात्र दरवर्षीं लागते. पावसानें पाऊलवाट धुपते, वादळांत झाड आडवें पडतें, परदेशांतून आलेल्या वेली मूळच्या झाडांचा गळा आवळतात, आणि शेजारच्या घराची हिरवळ दरसाल हातभर पुढें सरकत गांवाच्या जमिनींत शिरते. मंडळाचे मोजके सभासद, तेही आपापले उद्योग सांभाळून काम करणारे, सर्वत्र कोठवर पुरणार? म्हणून पुष्कळ गांवांत स्वयंसेवक राखणदार नेमण्याची पद्धत पडली आहे.

या पद्धतीचें मर्म असें कीं, रान सर्वांचें असलें तरी त्याचा प्रत्येक तुकडा कोणा एकाच्या नांवावर सोंपविलेला असावा. राखणदारानें वर्षांतून ठरलेल्या वेळीं नकाशा हातीं घेऊन हद्दीवरून व पाऊलवाटांनीं फिरावें, आणि जें दिसेल तें तारीख व ठिकाण यांसह लिहून मंडळाकडे पाठवावें. हातानें उचलेल अशी फांदी त्यानें बाजूस करावी. यांत्रिक करवतीचें काम शिकलेल्या माणसांकडे ठेवावें. शेजाऱ्याची हिरवळ पुढें आलेली दिसली तर त्यानें भांडूं नये. तो त्याच आळींत राहणारा. उद्यां दोघांचीं मुलें एकाच शाळेंत भेटणार. त्यानें केवळ नोंद करावी, छायाचित्र काढावें, आणि पत्र मंडळानें धाडावें. कामाची ही वांटणी स्पष्ट नसेल तर भिडस्त माणूस दोष पाहूनही गप्प बसतो, तापट माणूस सबंध आळीशीं वैर मांडतो, आणि जमीन दोन्ही प्रकारें जाते.

उत्साहाला माहितीची जोड नसेल तर त्यापासून अपायही संभवतो. गार्लिक मस्टर्ड नांवाची युरोपांतून आलेली एक वनस्पति तेथील रानांत फैलावते. ती दुसऱ्या वर्षीं फुलून मरते, म्हणून बीं धरण्यापूर्वीं मुळासकट उपटल्यास उपाय होतो. मात्र जमिनींत पडलेलें बीं कित्येक वर्षें जिवंत राहत असल्यामुळें त्याच जागीं दर वसंतांत परत जावें लागतें. याच्या उलट जपानी नॉटवीड खणूं गेल्यास तिच्या मुळाच्या लहानशा तुकड्यांतूनही नवें झाड उठतें, आणि भाबडा स्वयंसेवक जिचा नाश करावयास आला तिचीच लागवड करून जातो. कांहीं कुरणांत बोबोलिंक पक्षी जमिनीवर, गवतांत घरटें करितात. तेथें पिलें उडून जाईपर्यंत विळा न लावणें हेंच काम असतें.

एप्रिलांतील वसुंधरा-दिनास माणसें जमविणें फारसें कठीण नाहीं. कसोटी लागते ती जुलैंत, जेव्हां डांस चावतात आणि लाइम नांवाचा रोग फैलावणाऱ्या गोचिडांच्या भीतीनें घरीं परतल्यावर सर्व अंग तपासावें लागतें. तेव्हांही राखणदार टिकावेत यासाठीं चालकानें हत्यारें तयार ठेवावीं, काम आधीं नेमून द्यावें, नवख्यास जाणत्याबरोबर धाडावें, आणि मुख्य म्हणजे आलेल्या प्रत्येक टिपणास उत्तर द्यावें. मोडक्या साकवाविषयीं ज्यानें तीनदां कळविलें व ज्यास एकदांही पोंच मिळाली नाहीं, तो चवथ्या वेळीं फिरकत नाहीं. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? वेतनाची अपेक्षा न करणाऱ्या माणसास आपलें लिहिणें कोणीं वाचलें, एवढें तरी कळावयास हवें.

आपल्याकडील देवराया पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्या देवाच्या धाकानें आणि गांवाच्या नेमानें. तो धाक आतां पुष्कळ ठिकाणीं उरला नाहीं. नेम मात्र आपणांस अजूनही करतां येईल. पंधरा माणसांच्या घरांतही तुळस वाळत नाहीं, कारण तिला पाणी कोणीं घालावयाचें हें ठरलेलें असतें. आपल्या गांवच्या टेकडीवर पुढच्या पावसाळ्यांत रोपें लावावयास निघणाऱ्यांनीं खड्डे मोजण्यापूर्वीं एक वही घ्यावी, टेकडीचे तुकडे पाडून प्रत्येकापुढें एकेक नांव लिहावें, आणि चैत्र-वैशाखांत पाणी वर कोण नेणार, हेंही त्याच बैठकींत त्याच पानावर लिहून टाकावें.