विश्लेषण : लेझरने लिहायचे, लेझरनेच पुसायचे! पुसता येणाऱ्या डिस्कचे स्वप्न कुठे अडकले?

घरी रेकॉर्डिंग करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडिस्क यांचे उत्पादन सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. त्याच्या बरोबर वर्षभर आधी चीनमधील संशोधकांनी डीव्हीडीएवढ्या चकतीत २०० टेराबाइट माहिती मावू शकेल, असा शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. एकीकडे डिस्क बाजारातून जात आहे आणि दुसरीकडे प्रयोगशाळेत तिचा नवा अवतार तयार होत आहे. या दोन्ही बातम्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. लेझरने लिहिलेली माहिती लेझरनेच पुसून त्याच जागी पुन्हा लिहिता येईल का? वैयक्तिक डेटा पुसून घेण्याचा हक्क भारतात कायद्याने मिळाल्यामुळे हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

डिस्कवर माहिती ‘लिहितात’ म्हणजे काय करतात?

दुकानातून आणलेल्या गाण्यांच्या सीडीत पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकवर अतिसूक्ष्म खड्डे छापलेले असतात. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. वाचणाऱ्या लेझरचा प्रकाश सपाट भागावरून नीट परततो. खड्ड्यावरून परतणारा प्रकाश मात्र आजूबाजूच्या प्रकाशाशी जुळत नाही, दोन्ही लहरी एकमेकींना मारतात आणि तेवढा भाग अंधारा दिसतो. खड्डा जिथे सुरू होतो किंवा संपतो तिथे १ आणि बाकी ठिकाणी ०, अशी ही लिपी आहे.

किती माहिती मावेल, हे लेझरचा ठिपका किती बारीक करता येतो यावर ठरते. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितका ठिपका बारीक. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर वापरतात आणि त्यात सुमारे ७०० मेगाबाइट मावतात. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आणि एका थरात ४.७ गिगाबाइट. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर आणि एका थरात २५ गिगाबाइट. चकतीचा व्यास तिन्हींत १२ सेंटिमीटरच राहिला.

मग लिहिलेले पुसणे अवघड का?

छापलेला खड्डा कायमचा असतो. संगणकावर ‘बर्न’ करता येणाऱ्या सीडी-आरमध्ये खड्ड्याऐवजी रंगद्रव्याचा थर असतो. लेझरच्या उष्णतेने तिथले रंगद्रव्य बिघडते आणि तो ठिपका कमी प्रकाश परतवतो. पण बिघडलेले रंगद्रव्य पूर्ववत होत नाही. म्हणून सीडी-आर एकदाच लिहिता येते. पुसण्याजोगी डिस्क हवी असेल तर पदार्थाला दोन स्थिर अवस्था हव्यात. लेझरने एकीतून दुसरीत जाता आले पाहिजे आणि परतही येता आले पाहिजे. शिवाय वाचताना पडणाऱ्या मंद लेझरने त्यातली कोणतीही अवस्था ढळता कामा नये. कोणत्याही एका पदार्थात या सगळ्या अटी एकत्र मिळणे कठीण असते.

पॉलिमर फिल्मची कल्पना काय होती?

एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेतील टँडी कंपनीने, म्हणजे ‘रेडिओ शॅक’ दुकानांच्या मालकांनी, ‘थॉर-सीडी’ची घोषणा केली. टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरतात तशी घरच्या घरी सीडी भरायची, नको असेल तर पुसायची आणि पुन्हा भरायची, शिवाय ती नेहमीच्या सीडी प्लेयरवरही वाजणार, असे आश्वासन होते. रेकॉर्डरची किंमत ५०० डॉलरच्या आत राहील, असेही सांगण्यात आले.

त्यामागे रंग मिसळलेल्या पॉलिमर फिल्मचे तंत्र होते. एकमेकांना चिकटलेले दोन थर आणि प्रत्येकात वेगळे रंगद्रव्य. एक रंगद्रव्य एका तरंगलांबीचा प्रकाश शोषते, दुसरे दुसऱ्या. लिहिण्याचा लेझर पडला की खालचा रबरासारखा थर तापून फुगतो आणि वरच्या थराला ढकलतो. तिथे पुरीसारखा फुगवटा तयार होतो. वरचा थर थंड होऊन कडक होतो आणि तो फुगवटा धरून ठेवतो. वाचणाऱ्या लेझरला हा फुगवटा खड्ड्यासारखाच दिसतो. पुसायचे असेल तेव्हा दुसऱ्या तरंगलांबीचा लेझर फक्त वरचा थर तापवून मऊ करतो. मग ताणलेला खालचा थर आपल्या जागी परत येतो आणि पृष्ठभाग सपाट होतो. लिहायला एक रंग आणि पुसायला दुसरा, इतकी सोपी ही मांडणी होती.

ती बाजारात का आली नाही?

थॉर-सीडी कधीच विक्रीला आली नाही. यात मुख्य अडचण होती ती पदार्थाची. फुगणे आणि बसणे ही यांत्रिक हालचाल आहे. एकच जागा वारंवार ताणली आणि मऊ केली की पॉलिमर थकतो, फुगवटा पूर्ण उमटत नाही किंवा पूर्ण बसत नाही. संगीतात एखादा बिंदू चुकला तर दुरुस्ती-संकेत तो सांभाळून घेतात, पण संगणकाच्या फाइलमध्ये तेवढी सूट नसते. दोन तरंगलांबींचे लेझर एकाच डोक्यात बसवून ते एकाच ओळीवर रोखून धरणेही त्या काळी स्वस्त नव्हते.

त्याच वेळी स्पर्धकही पुढे होते. १९८८ मध्येच स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट संगणकात २५६ मेगाबाइटची पुसता येणारी चुंबकीय-प्रकाशीय डिस्क आली. त्यात लेझर फक्त जागा तापवतो आणि चुंबक तिथली दिशा बदलतो. काहीच फुगत नाही, त्यामुळे थकण्याचाही प्रश्न येत नाही. सोनीने १९९२ मध्ये आणलेली रेकॉर्ड करता येणारी मिनीडिस्क याच तत्त्वावर चालत होती.

सीडी-आरडब्ल्यूने काय वेगळे केले?

१९९७ मध्ये आलेल्या सीडी-आरडब्ल्यूत पॉलिमर फिल्मऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे मिश्रण वापरले गेले. हा पदार्थ वितळवून झटकन थंड केला की त्यातले अणू विस्कळीत राहतात आणि तो कमी चमकतो. तोच वितळण्याच्या बिंदूखाली थोडा वेळ तापवला की अणू पुन्हा रांगेत बसतात आणि चमक परतते. त्यामुळे एकच लेझर पुरतो, फक्त त्याची ताकद कमी-जास्त करायची. अशी डिस्क साधारण १,००० वेळा पुसता येते.

मात्र तिची चमक साध्या सीडीच्या निम्म्याहूनही कमी असल्याने जुन्या प्लेयरना ती वाचता येत नव्हती. टँडीचे ‘कुठल्याही प्लेयरवर वाजेल’ हे आश्वासन त्यामुळे सीडी-आरडब्ल्यूलाही पाळता आले नाही. पुढे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड आले. तिथे पुसणे ही रोजची क्रिया झाली आणि पुसता येणाऱ्या डिस्कची गरजच संपत गेली.

शांघायची २०० टेराबाइटची डिस्क काय आहे?

फेब्रुवारी २०२४ मधील शोधनिबंधात पॉलिमर फिल्म आणि रंगद्रव्य ही जोडी पुन्हा दिसते. शांघायमधील संशोधकांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये खास रंगद्रव्य मिसळून पारदर्शक फिल्म तयार केली. माहिती पृष्ठभागावर न लिहिता फिल्मच्या आत, एकावर एक अशा १०० थरांत लिहिली जाते. दोन्ही बाजू धरल्या तर क्षमता १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे २०० टेराबाइट होते. ४.७ गिगाबाइटच्या साडेबेचाळीस हजार डीव्हीडींचा ऐवज एका चकतीत मावतो, असा त्याचा अर्थ.

इथेही दोन लेझर आहेत, पण काम वेगळे आहे. एक लेझर बिंदू लिहितो आणि दुसरा वेदूवड्यासारखा, म्हणजे मध्ये भोक असलेला किरण त्या बिंदूच्या कडा निष्क्रिय करतो. त्यामुळे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान, सुमारे ५४ नॅनोमीटरचा बिंदू मिळतो. लिहिण्याचा वेग वाढवणे आणि लागणारी ऊर्जा कमी करणे ही कामे मात्र बाकी आहेत.

ही डिस्क पुसता येते का?

नाही. तिचा भर दीर्घकाळ टिकण्यावर आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रोजेक्ट सिलिका’चेही तसेच. २०१९ मध्ये त्यांनी ‘सुपरमॅन’ हा १९७८ चा चित्रपट ७५ मिलिमीटर चौरस काचेच्या तुकड्यात साठवून दाखवला, तोही कायमचा.

पुसता येणाऱ्या पॉलिमरवर वेगळे संशोधन सुरू आहे. त्यातला मुख्य पदार्थ ॲझोबेंझीन. याचा रेणू प्रकाश पडला की सरळचा वाकडा होतो आणि वेगळ्या प्रकाशाने किंवा उष्णतेने पुन्हा सरळ होतो. पॉलिमरच्या साखळीला असे रेणू जोडले की फिल्मवर प्रकाशाने नक्षी उमटवता येते आणि पुसताही येते. अडचण अशी की जो पदार्थ प्रकाशाने सहज बदलतो, तो वाचतानाच्या प्रकाशानेही हळूहळू बदलू शकतो. पुसणे जितके सोपे, तितके जपणे अवघड. थॉर-सीडीपासून आजपर्यंत हा पेच कायम आहे.

याचा आपल्या डेटाशी संबंध काय?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार नागरिकाला आपला डेटा पुसून घेण्याचा हक्क आहे. संमती मागे घेतली किंवा डेटा घेण्याचा हेतू संपला, तर दुसऱ्या कायद्याने तो ठेवणे बंधनकारक नसल्यास कंपनीने तो पुसायचा आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात.

उद्या रुग्णालये, बँका किंवा विमा कंपन्यांचे जुने अभिलेख न पुसता येणाऱ्या डिस्कवर गेले, तर एका ग्राहकाची नोंद कशी पुसणार? त्यासाठी अख्खी चकती फोडावी लागेल. यावर अभियंत्यांचा उपाय असा : प्रत्येकाची माहिती वेगळ्या किल्लीने कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून लिहायची आणि किल्ल्या दुसरीकडे, पुसता येणाऱ्या मेमरीत ठेवायच्या. किल्ली नष्ट केली की डिस्कवर उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. पण ही व्यवस्था लिहिण्याआधीच करावी लागते. चकती भरून झाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

याच्या उलट गरज न्यायालयाची असते. तिथे पुरावा बदललेला नाही, हे महत्त्वाचे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नमूद करायचे असते. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. एकाच समाजाला पुसता येणारी आणि न पुसता येणारी, अशा दोन्ही प्रकारच्या साठवणुकीची गरज आहे, ती अशी.

घरातल्या सीडींचे काय करावे?

लग्नाचे चित्रीकरण, एमआरआयचे अहवाल, जुने फोटो अजूनही अनेक घरांत सीडीवर आहेत. सीडी-आरमधले रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमट हवेने उतरत जाते. शिवाय नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह सहसा नसतो. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर कंपनी एकेकाळी जगातील मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. म्हणजे डिस्क टिकली तरी ती वाचणारे यंत्र मिळेलच, याची खात्री नाही.

तेव्हा यूएसबीला जोडता येणारा डिस्क ड्राइव्ह मिळवून महत्त्वाच्या सीडी आताच कॉपी करून घ्याव्यात. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवावी. कॉपी केलेल्या फाइल उघडून पाहाव्यात. आणि आधार, पॅन किंवा वैद्यकीय माहिती असलेली जुनी सीडी रद्दीत देण्याआधी तिचे तुकडे करावेत. ती सीडी-आर असेल, तर पुसण्याचा दुसरा मार्ग नाही.