डोळा सुजला, पण कशाने?

दिल्लीच्या करोल बागेत सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांतील बरीचशी मूळची सांगली जिल्ह्यातील. सोने शुद्ध करताना वापरलेल्या नायट्रिक आम्लाची वाफ डोळ्यांना झोंबते. अशा घरात डोळा सुजला, की दोष भट्टीवर ढकलणे सोपे असते. परंतु कारणे अनेक आहेत, आणि उपायही कारणाप्रमाणे बदलतात.

पापणीच्या कडेला दुखरी पुळी आली तर ती रांजणवाडी समजावी. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा मिनिटे शेकावे. दिवसातून तीन-चार वेळा. पुळी फोडू नये. दोन्ही डोळ्यांना विशेष खाज सुटत असेल, तर धूळ किंवा परागांचे वावडे संभवते. अशा वेळी गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि मुलांना डोळे चोळू देऊ नयेत.

डोळे लाल होऊन पाणी वा चिकट स्राव येत असेल, तर बहुधा डोळे आले आहेत. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत अशीच साथ पसरली होती. हा रोग नुसत्या नजरेने लागत नाही. तो हातांनी, टॉवेलने आणि उशीच्या अभ्र्याने पसरतो. रोग्याच्या या वस्तू वेगळ्या ठेवाव्यात आणि घरातील प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

आम्ल डोळ्यात उडाले, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग तडक रुग्णालय गाठावे. तूप, मध किंवा सोडा घालू नये.

शेजाऱ्यांचे उरलेले थेंब कधीही वापरू नयेत. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली लवकर ओसरते, पण जंतुसंसर्ग बळावू शकतो. दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होण्याचा धोका असतो.

तीव्र वेदना, अंधूक दिसणे, उजेड न सोसणे, ज्वरासह सूज किंवा डोळा पुढे येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सकाळी दोन्ही पापण्या फुगत असतील आणि पायांवरही सूज असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. सूज डोळ्यावर दिसते. तिचे मूळ तेथेच असते असे नाही.