मुठीवरची ग्रिप आणि तळहातावरचे घट्टे



मागच्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचा मुलगा सातवीत आहे. सुट्टीत मैदानावर क्रिकेट शिकायला जातो. चौथ्याच दिवशी त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले. शिकवणारे सर म्हणाले, बॅटच्या मुठीवरचे रबर पार गुळगुळीत झाले आहे, नवी ग्रिप घाल. मुलाने वडिलांजवळ पैसे मागितले. वडील मालधक्क्यावर हमाली करतात. त्यांनी आपले दोन्ही पंजे मुलापुढे धरले आणि म्हणाले, "हे घट्टे बघ. आम्हाला कुणी रबर दिले होते? आठ दिवसांत हात आपोआप तयार होतो." ताईंनी विचारले आहे, "सरांचे खरे मानू की ह्यांचे?"

ताई, सरांचे खरे आहे. पण तुमच्या मालकांच्या हातावरचे घट्टेही खोटे नाहीत. म्हणून आधी ग्रिपचे बोलू आणि मग घट्ट्यांचे.

बॅटचे पाते विलो नावाच्या लाकडाचे असते. आपल्याकडच्या पुष्कळशा बॅटी काश्मीरच्या विलोच्या असतात. दांडा मात्र वेताचा असतो. वेताचे तुकडे एकमेकांना चिकटवून, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून तो तयार करतात, म्हणजे चेंडूचा हादरा दांड्यातच बराचसा जिरतो. हा दांडा पात्यात पाचरीसारखा बसवतात आणि त्यावर घट्ट दोरा गुंडाळतात. त्या दोऱ्यावर जी रबराची नळी चढवलेली असते, तीच ग्रिप. ती दोन कामे करते. हाताला पकड देते आणि दोऱ्याला घामापासून व घासण्यापासून वाचवते. ग्रिप फाटली की दोरा उसवतो, दोरा उसवला की दांडा ढिला होतो. थोड्या पैशांची ग्रिप टाळून शेवटी आख्खी बॅट जाते.

तळहाताला फोड का येतो? घासल्यामुळे आणि ओलेपणामुळे. ग्रिपवरची नक्षी झिजली की मूठ हातात फिरते. ती फिरू नये म्हणून मूल ती अधिकच आवळून धरते. घामाने कातडी नरम झालेली असते. वरची कातडी एकीकडे ओढली जाते, खालची जागच्या जागी राहते आणि मध्ये पाणी भरते. घट्टा हळूहळू पडतो, फोड एकाएकी येतो. फोड आलेल्या हाताने खेळत राहिले तर हात 'तयार' होत नाही, तो फुटतो आणि पिकतो. फोड मुद्दाम फोडू नये. आपोआप फुटला तर साबणाने धुऊन, कोरडा करून, स्वच्छ पट्टी बांधावी. लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर हळद-चुन्यावर न राहता दवाखाना गाठावा.

आता ग्रिप घरी कशी बदलायची ते सांगतो. जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरून काढा. हात हलका ठेवा, खालचा दोरा कापला जाता कामा नये. दोरा कुठे सुटला असेल तर फेव्हिकॉल लावून तो पुन्हा घट्ट गुंडाळा आणि रात्रभर वाळू द्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात ग्रिप चढवायला लाकडाचा कोन असतो. नवी ग्रिप कोनाच्या निमुळत्या टोकाकडून चढवून रुंद टोकापर्यंत नेतात, ते टोक मुठीच्या डोक्यावर टेकवतात आणि ग्रिप खाली ओढून घेतात. कोन नसेल तर दांड्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घट्ट ओढा, तिच्यावरून ग्रिप सरकवा आणि नंतर पिशवी बाहेर खेचून काढा. एकाने बॅट धरावी, दुसऱ्याने ओढावे. शेवटी ग्रिपच्या खालच्या कडेवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. पात्याला जवसाचे तेल लावताना ते ग्रिपला लागू देऊ नका, तेलाने रबर खराब होते.

पुष्कळ वस्त्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मुठीवर चढवतात. अगदी काहीच नसण्यापेक्षा ते बरे. पण ट्यूब गुळगुळीत असते, घामाने निसटते. ती वापरायचीच असेल तर वरून सुती पट्टी गुंडाळा आणि ती पट्टी दर आठवड्याला धुवा.

एकावर एक दोन ग्रिप चढवण्याची हौस काही मुलांना असते. मोठ्या पंजाच्या खेळाडूला ते चालते. लहान मुलाला मूठ जाड झाली की ती नीट धरता येत नाही. आणि थोरल्या भावाची पूर्ण मापाची बॅट धाकट्याच्या हाती देऊ नका. जड बॅट सावरण्यासाठी तो ती अधिक आवळतो आणि पुन्हा फोडच येतात.

घरातल्या मुलींनाही हे सांगा. बॅडमिंटनच्या रॅकेटवर ग्रिपची पट्टी खालच्या टोकाकडून सुरू करून वर गुंडाळत नेतात. हॉकीच्या काठीवर बहुधा वरच्या टोकाकडून सुरू करून खाली आणतात. टॉवेलच्या कापडाची ग्रिप घाम छान शोषते, पण लवकर मळते, म्हणून ती वरचेवर बदलावी लागते. भावाची बॅट सजते आणि बहिणीच्या रॅकेटला उघडे लाकूड, असे आपल्या घरात होऊ नये.

आता घट्ट्यांकडे वळू.

बॅटची मूठ कुणी धरायची, हा प्रश्न या देशात कधीच साधा नव्हता. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले थोर गोलंदाज. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात महिना ४ रुपये पगारावर ते खेळपट्टीवर रूळ फिरवत, जाळी बांधत. पुढे साहेब लोकांच्या सरावासाठी त्यांना गोलंदाजी करायला लावू लागले. तासन् तास ते चेंडू टाकत, पण फलंदाजीचा सराव त्यांच्या वाट्याला आला नाही. घाम गाळायचे काम त्यांचे आणि मूठ धरायची ती साहेबाने! हिंदू संघाने त्यांना घेतले ते त्यांच्या बळींसाठी. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसाने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे उत्तम फलंदाज. कर्णधारपद अखेर १९२३ साली त्यांच्याकडे आले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि बाबासाहेब निवडून आले. तो राजकारणाचा भाग झाला. मैदानावर बाळूंनी जे सोसले आणि जे मिळवले, ते मात्र आपल्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.

खेळाचे सामान बनवणारे हात कुणाचे, हेही सांगा. १९४७ च्या फाळणीत सियालकोटचे पुष्कळ कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि तिथे हा धंदा वाढला. मेरठच्या परिसरात क्रिकेटचा चेंडू शिवणाऱ्यांत जाटव समाजातली पुष्कळ कुटुंबे आहेत. कातडे कमावण्यापासून टाके घालण्यापर्यंतचे काम हातांनी होते. ज्या कातड्याला हात लावला म्हणून माणूस अस्पृश्य ठरला, त्याच कातड्याचा चेंडू हातात घेऊन पांढऱ्या कपड्यातले लोक टाळ्या मिळवत राहिले.

म्हणून तुमच्या मालकांना मी असे सांगेन. दादा, तुमच्या हातावरचे घट्टे हा तुमच्या कष्टाचा पुरावा आहे. त्यांची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. पण ते कुणी आपण होऊन मागून घेतलेले नाहीत. मालकाने हातमोजे दिले नाहीत, मुकादमाने विचारले नाही, म्हणून ते पडले. आपल्या आयाबाया खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत, ती काय हौस म्हणून? हात सोलून निघू नये, उद्या पुन्हा रोजावर जाता यावे, म्हणून. त्या चिंधीत आणि या ग्रिपमध्ये फरक कसला? आईने चिंधी गुंडाळली तर ती शहाणी आणि नातवाने ग्रिप मागितली तर तो नाजूक, हा न्याय बरा नव्हे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आम्ही जास्त तास राबलो, आता तुम्हीही राबा, असे त्यांनी कामगाराच्या पोरांना सांगितले नाही. आपण सोसले ते पुढच्यांना सोसावे लागू नये, हीच त्या चळवळीची शिकवण आहे. आज २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवला आहे. तरीही माणसे उतरवली जातात आणि मरतात. ज्या घरात मुलाला "उघड्या हाताने सोसायला शीक" असे शिकवले जाते, त्या घरातला तरुण उद्या मुकादमाकडे हातमोजे कसे मागेल? मागण्याची सवय घरातूनच लागते.

विनयपिटकात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा हा मुलगा. तळपाय अतिशय कोमल. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाच्या शीतवनात तो इतका कठोर चंक्रमण करू लागला की पाय फुटून वाट रक्ताने भरली. त्याच्या मनात आले, एवढे करूनही काही साधत नाही, घरी परत जावे. भगवान बुद्धांनी त्याला तो पूर्वी वाजवत असलेल्या वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. प्रयत्नही तसाच बेताचा असावा. बॅट धरण्याचेही हेच आहे. आवळून धरली तर मनगट फिरत नाही, सैल धरली तर निसटते. चांगली ग्रिप असली की मूल निर्धास्तपणे मध्यम पकड ठेवू शकते.

या कथेचा पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. रक्ताळलेले पाय पाहून बुद्धांनी सोणाला एका तळाच्या चपला वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळत असेल तरच मी घेईन. तेव्हा बुद्धांनी सर्व भिक्खूंना ती परवानगी दिली. पाय फोडून घेण्यात त्यांना कसलेही पुण्य दिसले नाही, आणि एकाची सोय ही सगळ्यांची सोय झाली.

आपणही तसेच करू या. १४ एप्रिल आली की वस्त्यावस्त्यांतून क्रिकेटचे सामने होतात, मंडळे मोठा चषक ठेवतात. यंदा मंडळाने चषक थोडा लहान घ्यावा आणि विहारात एक पेटी ठेवावी. तिच्यात एक कोन, डझनभर ग्रिप, चिकटपट्टी, दोरा, फेव्हिकॉल आणि जखमेच्या पट्ट्या असू द्या. रविवारी वंदना झाली की थोरल्या मुलांनी धाकट्यांच्या बॅटी, रॅकेट, काठ्या तपासाव्यात आणि ज्याची मूठ उघडी असेल त्याला ग्रिप चढवून द्यावी. मुलगा असो की मुलगी, कुणी पैसे दिले की नाही, हे विचारू नये.

आणि ताई, पहिली ग्रिप तुमच्या मालकांच्याच हातून चढू द्या. रबर ओढून बसवायला हातात जोर लागतो, आणि तो त्यांच्या हातात भरपूर आहे. मुलाने बॅट धरून ठेवावी. त्या अर्ध्या तासात त्याने वडिलांचे घट्टे जवळून पाहावेत आणि ते कशाने पडले, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. वडिलांनीही मग कामावर आपल्यासाठी हातमोजे मागायला मागे-पुढे पाहू नये.

पत्रे पाठवीत राहा. सप्रेम जय भीम!